रांगेत अडकलेला रिपोर्ट

आधीच सांगते, या ग्रुपवर वाद घालायला येणाऱ्यांपैकी मी एक. कोणी 'मागे कोणीतरी उभं होतं' वगैरे लिहिलं की खाली 'डोळे तपासून घ्या' अशी कमेंट बहुतेक माझीच असते. रस्त्यात कोणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी सरळ ओलांडून जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण दोन वर्षं पोटात ठेवलंय, आता राहवत नाही.

मी मुलुंडला राहते. नोकरी अंधेरी पूर्वेला, एका पॅथॉलॉजी लॅबच्या आयटी विभागात. उपनगरांतल्या छोट्या-मोठ्या नर्सिंग होम्सची सॅम्पल्स आमच्याकडे येतात. एखादा रिपोर्ट जिवावर बेतणारा निघाला, तर तो ताबडतोब डॉक्टरांना कळवावा लागतो. पूर्वी हे काम कांबळेकाका करायचे. ते आमचे सीनियर टेक्निशियन, मूळचे लातूरकडचे, राहायला विक्रोळीला. फोन लावायचे, आकडा दोनदा वाचायचे, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचे, आणि मग स्वतःचं नाव लिहून घ्यायला लावायचे. त्याशिवाय फोन ठेवायचे नाहीत. आम्ही हसायचो त्यांना.

मग आम्ही जावामध्ये एक सर्व्हिस, म्हणजे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम, लिहिली. रिपोर्ट रांगेत येणार आणि आपोआप नर्सिंग होमच्या मोबाइलवर मेसेज जाणार. काकांचं फोन करणं बंद केलं. ते मला एवढंच म्हणाले, "स्क्रीनवर 'पोचला' असं येतं. पण कोणाला पोचला गं पोरी? टेबलाला?" मी म्हटलं, "काका, जमाना बदलला." ते रिटायर झाले आणि तीन-चार महिन्यांत हार्ट अटॅकने गेले. मी विक्रोळीला अंत्ययात्रेला जाऊन आले होते, हे मुद्दाम सांगतेय.

त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी माझ्याकडे काम आलं - त्या सर्व्हिसवर नजर ठेवायची सोय करायची. म्हणजे ती बंद न करता, चालू असतानाच रांगेत किती रिपोर्ट आहेत, किती गेले ते स्क्रीनवर दिसलं पाहिजे आणि लागलंच तर तिथूनच रांग थांबवता, पुन्हा सोडता आली पाहिजे. मी मन लावून केलं. वर एक दिवाही ठेवला. सर्व्हिस चालू असेल तर हिरवा, बंद पडली तर लाल. झकास दिसत होतं सगळं.

एका मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास मी 'थांबवा'चं बटण तपासत होते. ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडे होते, एक टेस्टचा, म्हणजे तपासणीसाठी खोट्या रिपोर्टांचा, आणि एक लाइव्हचा, म्हणजे खऱ्या रांगेचा. दोन्ही हुबेहूब सारखे, कारण रंग वेगळे ठेवायची अक्कल मला सुचली नव्हती. बटण दाबलं, दिवा हिरवाच राहिला, आणि मी डबा खायला गेले. निवांत. वर कोणाच्या तरी डब्यातली कोथिंबीर वडी खाल्ली.

एक पन्नासला परत आले आणि टॅबवरचं नाव वाचलं. मी लाइव्हची रांग थांबवली होती! अडतीस रिपोर्ट तसेच अडकलेले. आणि दिवा हिरवा! कारण सर्व्हिस चालूच होती ना, फक्त काही पाठवत नव्हती. थांबलेल्या रांगेसाठी लाल करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रांग सोडायच्या आधी मी यादी बघितली. त्यात एक धोक्याचा होता. मुलुंडच्या एका नर्सिंग होमची पेशंट, वय चौतीस, किडनीचा आजार. पोटॅशियम सात पूर्णांक एक. एवढ्यावर हृदय कधीही बंद पडू शकतं, हे आमच्याकडे प्यूनलाही माहीत असतं. रिपोर्ट तयार झालेला एक अठराला. म्हणजे अर्धा तास मी वडी चघळत होते.

मी रांग सोडली आणि तिथे फोन लावला. एका सिस्टरने उचलला.

"मॅडम, तो पोटॅशियमचा रिपोर्ट..."

"हो हो, मगाशीच कळला ना! इंजेक्शन दिलंय, आता डायलिसिसला हलवतोय."

"कळला? कसा?"

"तुमच्या लॅबमधून फोन आला की लँडलाइनवर. किती कडक आहेत हो ते काका! दोनदा वाचून दाखवलं, माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. म्हणाले, लिहून घे बाई, मग फोन ठेव."



लॅबमध्ये मी एकेकाला विचारलं. कोणी फोन केला नव्हता. आता कोणी करतच नाही. ड्युटीवर त्या दिवशी दोन मुली होत्या, पुरुष कोणीच नव्हता. लॅबच्या फोनची नोंद काढली, नर्सिंग होमच्या नंबरवर माझा सोडून एकही कॉल नाही. आणि रिपोर्ट तर मी सोडेपर्यंत रांगेतच अडकलेला होता.

संध्याकाळी घरी न जाता थेट नर्सिंग होम गाठलं. सिस्टरने रजिस्टर दाखवलं. तिच्या अक्षरात लिहिलेलं - १.२५, पोटॅशियम ७.१, कळवणारे: कांबळे, लॅब. सिस्टर तिथे लागून दोनच आठवडे झाले होते. रजिस्टरही नवंकोरं. हे नाव तिला कुठून सुचणार?

दुसऱ्या दिवशी साहेबांना माझी चूक सांगितली. फोनचंही सांगितलं. ते म्हणाले, "यार, पेशंट ठीक आहे ना? मग डोकं नको खाऊ." मी लाल दिवा दुरुस्त केला, टॅबचे रंग बदलले, आणि भांडून भांडून धोक्याचे रिपोर्ट परत माणसाने फोन करून सांगायची पद्धत सुरू करायला लावली. पण झोप काही लागेना. त्या बाईला दोन लहान मुली आहेत, हे मला सिस्टरकडून कळलं होतं.

शेवटी एका रविवारी विक्रोळीला काकूंकडे गेले. कांबळेकाकांचा फोटो भिंतीवर, शेजारी बुद्धमूर्ती. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. रडलेही. वाटलं, आता या म्हणतील, मेलेल्या माणसाच्या नावाने काय खेळ लावलाय हा. हे कसं झालं ते मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. तर्क लढवणाऱ्यांनी कमेंटमध्ये जरूर लढवावेत, माझे सगळे लढवून झालेत.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "ती बाई वाचली ना?"

"वाचली, काकू. घरी गेली."

त्या उठल्या, फोटोपाशी गेल्या, आणि मोठ्याने, नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, वाचली हो ती. घरी गेली म्हणे."