बाबांचं उरलेलं आतडं

बाबांच्या आतड्याला पीळ बसला तेव्हा गोंदियाच्या डॉक्टरांनी जवळजवळ अर्धं लहान आतडं कापून काढलं. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली, त्यातही जीवशास्त्र घेतलेली. तेव्हा मायला मीच समजावलं: पोटात अन्न नुसतं घुसळलं जातं, रक्तात जातं ते या आतड्यातून. अर्धं गेलं, आता खाल्लेलं अंगी लागतं की नाही, एवढंच पाहायचं.

लामत्याकडच्या आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाही. आठवड्यात घरात ग्लुकोजच्या डब्यांची रांग लागली. मीही दर तासाला पेलाभर पाण्यात कालवून पाजू लागले. ही साखर पचवावी लागत नाही, सरळ रक्तात जाते, हे माझं शास्त्र. बाबा दिवसातून दहादा संडासात पळायचे. गालफडं बसली.

"तुह्या कॉलेजात मानूस वाळवाले शिकवतेत का वं?" माय म्हणाली.

"त्याहिले ताकद नाही पाहिजे का?"

"ताकद अंदर कुठी राहून राह्यली? पूरी बाहेर जाऊन राह्यली."

मी डॉक्टरांना फोन लावला. "ग्लुकोज एकदम बंद," ते म्हणाले. "इतनी चीनी आँत सोख नहीं पाती, उल्टा पानी खींचती है. चावल का माँड दो, नमक डालके, थोड़ा-थोड़ा."

"मांड म्हनजे आपली पेजच न?" मायनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता चूल पेटवली.

मिठाची पेज, अर्धी वाटी, दर दोन तासांनी. बाबा कुरकुरले, "मले लेकरू समजून राह्यली का?"

"हौ," माय म्हणाली. "तुमचं आतडं लेकरूच हाय आता."

आतड्याच्या आतली ती बारीक बोटं, अन्न वेचून घेणारी, मी परीक्षेत काढली होती. मार्कही पैकीच्या पैकी मिळाले होते. पण अर्धी बोटं गेल्यावर उरलेली काय करतात, हे मला कोणी विचारलं नव्हतं. ती लांब होतात. गेलेल्यांचं काम अंगावर घेतात. त्यांचं अस्तर चार-पाच दिवसांत झडतं आणि नवं येतं. मीठ नि पेजेतून हळूहळू सुटणारी साखर जोडीनं आत शिरतात, पाणी त्यांच्या मागे जातं. बाबा घोरत असायचे, तेव्हाही हे चालूच. एवढं कष्टाळू कोणी मी पाहिलेलं नाही, आणि मी शेतकऱ्याच्या घरची आहे.

महिनाभरानं एका सकाळी बाबा संडासातून आले. अंगणात मावशी बसलेली, बाजूच्या दोन बायका. बाबा तिथूनच ओरडले, "आज घट्ट झाली!"

मावशीनं पदर तोंडात कोंबला. माय म्हणाली, "गावभर सांगता काहून?" पण तिचे डोळे भरले होते. माझेही.

बाबांनी त्या दिवशी स्वतःहून भात मागितला. मायनं मऊ भाताचे चार घास दिले. पाचवा मागितला, तर ताटली उचलली.

"उद्या," ती म्हणाली.