पांडूचं परदेशी रक्त

आमच्या सावंत घराण्यात परदेशी रक्ताचा एकच सदस्य होऊन गेला, तो म्हणजे आमचा कुत्रा. हे रक्त त्याला मी दिलं. सोसायटीच्या फॉर्मवर, निळ्या बॉलपेनने, स्वच्छ अक्षरात!

खरं तर पांडू जन्मला शिवडीच्या एका गोदामात, उभ्या टेंपोखाली. बाबा तिथे माल मोजून घ्यायच्या कामावर होते. एका संध्याकाळी त्यांनी त्याला डब्याच्या पिशवीतून वरळीला, बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत आणलं. (डबा हातात धरून आणला. आईने आधी हातातला डबा पाहिला, मग हलणारी पिशवी पाहिली आणि किंचाळली.) चाळीत पांडू फक्त आमचा असा कधी नव्हताच. सकाळी एका खोलीत चहापाव, दुपारी दुसरीकडे आमटीभात आणि ज्या दारातून बांगडे तळल्याचा वास येईल तिथे संध्याकाळचा मुक्काम. अख्ख्या गॅलरीचा जावई असल्यासारखा हिंडायचा.

पुढे चाळ रिकामी करायची वेळ आली आणि आम्ही वडाळ्याला बावीस मजली इमारतीत राहायला आलो. बाबा तोवर गेले होते. नव्या घरात आई सकाळचा पहिला शब्द पांडूशी बोलायची. मला मात्र, खोटं कशाला सांगू, त्याला लिफ्टमधून नेताना लाज वाटायची. एकदा लिफ्टमध्ये पांढऱ्या झुबकेदार कुत्र्याला कडेवर घेतलेल्या एका बाईंनी विचारलं, "हाऊ क्यूट! कुठली ब्रीड?"

पांडू काळा, भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके. माझ्या तोंडून निघून गेलं, "रॉटवायलर."

राखणीच्या त्या दांडग्या जर्मन जातीचं नाव ऐकताच बाई लिफ्टच्या कोपऱ्यात सरकल्या. काय सांगू, इतकं बरं वाटलं! मग सोसायटीच्या कुत्रा-नोंदणीच्या फॉर्मवरही तेच लिहिलं. ('मिक्स' लिहिणार होतो, पण रकाना लहान होता.) त्यानंतर आम्ही येताना दिसलो की लोक लिफ्ट सोडून जिन्याने जायचे. पांडूला यातलं काहीच कळत नव्हतं. तो प्रत्येकाकडे बघून शेपूट हलवायचा आणि समोरचा भिंतीला चिकटायचा.

त्यातच मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. कारण एकच, माझं अक्षर चांगलं. नेमक्या त्याच दिवसांत आक्रमक जातींच्या कुत्र्यांवर बंदी येणार अशा बातम्या यायला लागल्या आणि कमिटीने ठरवलं, आपणही नियम करू. मसुदा अर्थातच मी केला. जातींची यादी पेपरातून उतरवून काढली. शेवटी स्वतःच्या अकलेने भर घातली, 'सात दिवसांत कुत्रा बाहेर. कोणतीही सबब चालणार नाही.' खाली झोकदार सही ठोकली आणि नोटीस लिफ्टमध्ये लावली.

संध्याकाळी बायको भाजी घेऊन वर आली.

"अहो, ती नोटीस कोणी लिहिली?"

"मी! कशी झालीय?"

"अक्षर सुंदर आहे. यादीत चौथं नाव वाचलंत?"

मी मनातल्या मनात यादी म्हटली. चौथं नाव, रॉटवायलर! आईने आतून सगळं ऐकलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "पांडू गेलो तर मीय जातलंय." आणि कपाटावरची बॅग काढायला स्टूल शोधायला लागली. ती धमकी देत नव्हती. आमची आई धमकी देत नाही, थेट बॅग भरते.

मी धावत सोसायटीच्या चेअरमनकडे गेलो. डिसोझा अंकल माझगावचे, सत्तरी ओलांडलेले.

"अंकल, आमचा कुत्रा रॉटवायलर नाहीये!"

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. गावठी आहे."

"फॉर्मवर सही तुझी आहे ना रे? मग प्रूफ आण."

आता गावठी कुत्र्याचे कागद आणायचे कुठून? परळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पांडूला बघितलं, मग मला बघितलं. "रॉटवायलर? तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "आहेत एक गृहस्थ." त्यांनी हसत हसत 'देशी' असं लिहून दिलं. पण अंकल म्हणाले, "मला देऊन काय उपयोग? वर्षभर ज्यांना घाबरवलंस, त्यांना सांग. संडेला मीटिंग आहे."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झाडून सगळे सभासद हजर! मी आईला आणि पांडूला शेजारी बसवून डॉक्टरांची चिठ्ठी वाचली.

"चिठ्ठ्या कुठेही मिळतात," एकजण म्हणाला.

"चेहरा बघा ना त्याचा!" दुसरा ओरडला.

तेवढ्यात मीटररूममधून एक मांजर निघालं आणि पांडू डिसोझा अंकलच्या खुर्चीखाली घुसला.

"नाटक करतोय! ट्रेनिंग दिलंय त्याला!" झुबकेवाल्या बाई म्हणाल्या.

तेव्हा आई उठली.

"रॉटवायलर म्हणजे काय ता माका ठावक नाय. ह्याची आवस म्हणजे शिवडीच्या गोदामातली कुत्री. आमच्या ह्यांनी ह्याका डब्याच्या पिशवेतून चाळीत आणलो. आमच्या चाळीत ह्याका कोण घाबरलो नाय, ह्योच सगळ्यांका घाबरता. पांडू चाळीतलो, आमीय चाळीतले. त्यात लपवूचा काय?"

मला एकदम बाबा आठवले, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात हलणारी पिशवी घेऊन दारात हसत उभे असलेले. त्यांना त्या पिल्लाची एवढीशीही लाज वाटली नव्हती. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "आई म्हणते ते खरं. मला चाळीतून आलो म्हणायची लाज वाटत होती, म्हणून मी खोटं लिहिलं. कुत्र्याची काही चूक नाही."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं रे," डिसोझा अंकल खुर्चीखाली हात घालून पांडूचं डोकं खाजवत म्हणाले. "बघत होतो, तू कधी बोलतोस. चल, वही काढ. ठराव लिही."

मी सेक्रेटरी. वही काढली.

"पांडू सावंत, देशी, बिल्डिंगमध्येच राहील. त्याच्यापासून कोणाला धोका नाही."

मी आनंदाने लिहिलं.

"धोका सेक्रेटरीपासून आहे. यापुढे त्यांनी लिहिलेला प्रत्येक कागद दुसऱ्याने तपासल्याशिवाय लावू नये. लिही, लिही, थांबलास का?"

तेही लिहिलं. चांगल्या अक्षरात! ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक, डिसोझा. अनुमोदक, माझी आई.