मिठाचा सर्वांत मोठा खडा

आठवीत असताना मला सूक्ष्मदर्शक हवा होता. बाबा म्हणाले, "आधी मार्क आण, मग बघू." आमच्या घरात याचा अर्थ विषय संपला. म्हणून मी पनवेलच्या एका रविवारच्या छंदवर्गात नाव घातलं. तिथे कोणी शिकवत नसे. प्रत्येकाने हवा तो प्रकल्प निवडायचा, तीन महिने घरी करायचा, रोज वहीत लिहायचं, बिघडलं तर तेही लिहायचं आणि शेवटी हॉलमध्ये सगळ्यांसमोर मांडायचा. पहिलं बक्षीस सूक्ष्मदर्शक. कोणी गांडुळं पाळली, कोणी चिमण्या मोजल्या. मी मीठ घेतलं, कारण मीठ आमच्या घरचंच होतं.

म्हणजे आजोबांचं. उरणकडच्या मिठागरात त्यांची साठ वर्षं गेली. मग तिथून कंटेनरचे ट्रक जायला लागले आणि आजोबा आमच्यासोबत पनवेलजवळ करंजाड्यात चौथ्या मजल्यावर राहायला आले. लिफ्टला ते अजूनही वचकून असत, पण मिठाच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नसत. आईने नवीन पुडा फोडला की चिमूटभर जिभेवर ठेवायचे आणि निकाल द्यायचे. निकाल बहुधा वाईटच असे. मला त्यांच्याकडून मीठ शिकायचं होतं असं अजिबात नाही. मला मिठाचा मोठा स्फटिक वाढवायचा होता, मुठीत मावणार नाही असा, की परीक्षकांनी तोंडात बोट घालावं.

मी गरम पाण्यात आणखी विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलं, दोऱ्याला एक खडा बांधून बरणीत सोडला आणि बरणी फ्रिजवर ठेवली. मीठ दोऱ्याकडे फिरकलंच नाही. ते बरणीच्या भिंती चढलं, बाहेर उतरलं आणि फ्रिजभर पसरलं. आईने पुसलं. ते पुन्हा पसरलं. महिन्याभराने दोऱ्यावर जे जमलं ते साबुदाण्याएवढं होतं. मी दोष फ्लॅटला दिला, हवेला दिला, आईच्या पुसण्याला दिला. नाचता येईना अंगण वाकडं.

आजोबा म्हणाले, "घरात मीठ पिकतं का गो? त्याला ऊन लागतं, वारा लागतो. आनि मानसाला सबूर लागते."

सबूर माझ्याकडे नव्हती, फोन होता. फोनवर एका मुलीने आठ दिवसांत असा लखलखीत खडा वाढवला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तिचा खडा तुरटीचा होता. पण तुरटी पांढरी, मीठ पांढरं, आणि वहीत काय लिहायचं ते माझ्या हातात. बाजारातल्या वाण्याकडून अर्धा किलो तुरटी आणली. वाण्याने विचारलं, "एवढी कशाला?" मी म्हटलं, "पाणी गढूळ येतं." तेव्हापासून माझी खोटं बोलण्याची भीड चेपली.

बारा दिवसांत आवळ्याएवढा खडा झाला. काचेसारखा स्वच्छ, सगळीकडून पैलू पडलेला. मी त्याला कोणालाही हात लावू देत नव्हते. "प्रयोग बिघडेल," असं म्हटलं की आमच्या घरात सगळे दोन पावलं मागे सरकतात. वहीत मी रोजची वाढ लिहिली, मागच्या तारखांसकट, दोन महिन्यांची. मधे एक दिवस 'आज वाढ नाही, हवा दमट' असंही लिहिलं, म्हणजे खरं वाटावं. बाबांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. उरणच्या आत्याने लिहिलं, "शेवटी रक्त कुणाचं!" एका काकाने शोकेससाठी एक खडा मागून ठेवला.

आजोबांना मोतीबिंदू होता. ते खुर्चीतूनच बरणीकडे डोळे बारीक करून बघत.

"एवढा खडा मी साठ वर्सांत नाय पायला."

"आजोबा, हे विज्ञान आहे."

"आसंल गो," ते म्हणाले, आणि त्यांनी खरंच विश्वास ठेवला. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक होता.

तरी मी तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण मला टाळ्याही हव्या होत्या. मी आजोबांनाच टेबलाशी उभं करायचं ठरवलं. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'माझे आजोबा जिभेने मीठ ओळखतात.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्रदर्शनाच्या दिवशी आजोबा इस्त्रीचा सदरा घालून आले. मी त्यांचे डोळे रुमालाने बांधले आणि मिठाच्या तीन वाट्या पुढे केल्या. आजूबाजूला पोरांची गर्दी जमली. पहिली वाटी चाखून म्हणाले, "कारखान्याचा." दुसरी, "हा दगडातला, उपासाचा." तिसऱ्या वाटीला जरा थांबले. "हा आमच्याकडला. पन काडनाऱ्यानं लोभ केलाय. शेवटपरेंत पानी आटवलंय, म्हनून कडवट लागतोय."

परीक्षकबाई रसायनशास्त्र शिकवणाऱ्या होत्या. त्या एकदम पुढे झाल्या. समुद्राचं पाणी पूर्ण आटू दिलं तर मिठासोबत दुसरे कडू क्षार कसे खाली बसतात, ते त्यांनी पोरांना सांगितलं. "आणि हे यांनी नुसत्या जिभेने ओळखलं!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांना रुमालाखालून स्वतःची छाती दिसावी इतकी ती फुगली. सूक्ष्मदर्शक माझ्या घरी पोचल्यातच जमा होता.

मग बाईंनी माझा खडा उचलला. प्रकाशात फिरवला. त्याच्या बाजू मोजल्या. मिठाचा स्फटिक लुडोच्या फाशासारखा चौकोनी असतो, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझा खडा आठ बाजूंचा होता. त्यांनी माझी वही चाळली, 'हवा दमट'पाशी थोडं थांबल्या, आणि खड्याचा एक कण नखाने काढून आजोबांच्या तळहातावर ठेवला.

"आजोबा, हा तुमच्या नातीने वाढवलेला मोठा खडा. हेही सांगा."

आजोबांनी कण जिभेवर ठेवला. त्यांचे गाल आत ओढले गेले. त्यांनी रुमाल वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"मीठ हाय," आजोबा म्हणाले.

"नक्की?"

"साठ वर्सं मिठात गेली बाई माजी. मीठ हाय."

बाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त पोरांकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बघा, म्हणून आपण चाचणी करतो. ही तुरटी आहे. जीभ कितीही जुनी असली तरी फसते. मघाचं कदाचित अंदाजाने बरोबर आलं असेल." मग त्यांनी गुणपत्रिकेवर मघाशी लिहिलेलं काहीतरी खोडलं. मागून कोणाचे तरी वडील हसले. एक पोरगं म्हणालं, "तुरटीपण कळत नाही!" आजोबा तोंड मिटून तसेच उभे होते. थुंकले असते तर खोटं उघडं पडलं असतं, म्हणून ते तुरटी गिळत होते.

मला इतका राग आला की कान तापले. राग बाईंचा नव्हता, त्या पोराचाही नव्हता. माझाच होता. माझ्या खड्यासाठी हा माणूस साठ वर्षांचं नाव घालवत होता आणि ब्रही काढत नव्हता.

"त्यांना कळलंय!" मी ओरडले. सगळा हॉल वळला. "त्यांना लगेच कळलंय. मला वाचवायला खोटं बोलतायत. तुरटी मी घातली. वहीसुद्धा खोटी आहे, नुसती पहिल्या महिन्याची खरी आहे."

"गप बस गो!" आजोबा म्हणाले. "बाई, पोरीचं काय ऐकू नका. मी मीठ बोललो ना? मग मीठच."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या आवळलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि हसू दाबत पाण्याची बाटली पुढे केली. आजोबांनी ती घेतली नाही. मग बाईंनी आजोबांना हात जोडले, पोरांना म्हणाल्या, "माझंच चुकलं. यांची जीभ फसलेली नाही." त्यांनी खोडलेलं पुन्हा लिहिलं. माझा प्रकल्प मात्र बाद झाला. सूक्ष्मदर्शक गांडुळवाल्याला मिळाला, आणि तो त्यातून काय काय बघत असेल याचा मला आजही मत्सर वाटतो.

परतताना रिक्षात बसल्या बसल्या आजोबांनी माझ्या दप्तरातली बाटली काढून गुळण्या केल्या, तीन वेळा बाहेर थुंकले, उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मी चारदा सॉरी म्हटलं. ते रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं तुरटीचा राग आहे, वहीचा आहे, भरल्या हॉलमध्ये झालेल्या शोभेचा आहे.

"आजोबा, बोला ना."

"काय बोलू?" ते म्हणाले. "सगल्या जन्मात मिठाबद्दल एकदाच खोटं बोललो, तेपन तू टिकू नाय दिलंस."