येऊ का?

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला माझ्या खालच्या मजल्यावर एक काकू मुलाकडे राहतात. माझं दार सताड उघडं असलं तरी त्या बाहेर चपला काढतात आणि विचारतात, "येऊ का?" मी एकटीच राहते हे त्यांना ठाऊक आहे. तरी उत्तरासाठी थांबतात.

यंदा मे महिन्यात आम्ही दोघी ग्रीसला गेलो. सात-आठ जणांचा गट, सोबत गाइड, प्राचीन अवशेष आणि दुपारचं जेवण. घरांचे नुसते पाये उरले होते. गटातले बाकीचे लोक दगड ओलांडून कुठूनही आत शिरत होते. काकू मात्र दाराची जागा शोधायच्या, बूट काढायच्या आणि हळूच "येऊ का?" म्हणायच्या. मला जरा लाजच वाटत होती.

एका घरापाशी त्या बराच वेळ थांबल्या आणि मागे फिरल्या.

"जेवायला बसलेत," त्या म्हणाल्या. "आपण मागाहून येऊ."

खानावळीत ताटं आली, पण काकूंनी हात लावला नाही. शेवटी त्यांनी खिडकीतून अवशेषांकडे पाहिलं. "झालं त्यांचं," म्हणाल्या आणि जेवू लागल्या.

परवा दुपारी त्या माझा डबा परत द्यायला आल्या. चपला काढल्या. "येऊ का?"

"या ना, काकू."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. डबा माझ्या हातात दिला आणि पुन्हा चपला घातल्या. "असू दे. जेवणं होऊ देत, मी मागाहून येते."

मी अजून कुकरही लावला नव्हता. त्या लिफ्टने खाली गेल्या तरी मी दारातच उभी होते, घराकडे पाठ करून.