ताप न आलेली मुलं

कॉलेजच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होते. "मालती मॅडम गेल्या," दवाखान्यातली नर्स एवढंच बोलू शकली. पेशंट तपासता तपासता हृदयविकाराचा झटका... दीड महिना झाला, अजून माझा पाय एका जागी ठरत नाही.

मालती बालरोगतज्ज्ञ, मी जीवशास्त्र शिकवते. श्रीरामपुरात आमची घरं शेजारी. नव्वदच्या सुमारास पुणतांब्याची सुनंदा चार महिन्यांची मुलगी घेऊन तिच्याकडे आली. डोकं वाढत चाललेलं, नजर खाली उतरलेली. मेंदूत पाणी साठलं होतं. पुण्याला ऑपरेशन झालं, ते पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी बसवली, पोर वाचली. पण सासू सगळ्यांना सांगत सुटली, "पोटुशी असताना गिरानात इळीवर भाजी चिरली हिनं. त्याचंच हाय हे." ते कानावर आलं आणि मालती पेटली. ग्रहणानं नाही, तर मग कशानं?

रविवारी एसटीनं कोपरगावपर्यंतची गावं पालथी घालायची. अशी मुलं असलेली घरं शोधायची. वही घेऊन मी सोबत. नाळ कशानं कापली? पहिल्या महिन्यात ताप आला होता? बऱ्याच आया "व्हय" म्हणाल्या. जंतुसंसर्ग, मेंदूच्या आवरणाला सूज, मग पाण्याची वाट बंद... धागा जुळत होता. वैद्यकीय मासिकासाठी मालतीचा लेख लिहून झाला, तेव्हा मी म्हटलं, "आता पाठवून दे."

"अगं, पण सुनंदाच्या पोरीला ताप आलाच नव्हता. तिच्यासारखी आणखी आहेत. त्यांना गाळू?"

तिनं निष्कर्षाचं पान फाडलं. मी इतकी चिडले की आठवडाभर बोलले नाही. ती मात्र पुन्हा फिरू लागली. कुणाची नळी तुंबायची, कुणाचं पुन्हा ऑपरेशन व्हायचं. दर वेळी ती हरल्यासारखी परतायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघायची. उत्तर न मिळताच गेली...

गेल्या आठवड्यात दवाखान्याला कुलूप पाहून सुनंदा माझ्याकडे आली. मालती गेल्याचं मी तिला सांगितलं. मुलगी आता सात वर्षांची आहे, शाळेत जाते. जरा लंगडते, पण पाचाचा पाढा तिनं न अडखळता म्हणून दाखवला.

"बाईंना सापडलं का, हिला कशानं झालं त्ये?"

"नाही गं. पण ग्रहणानं नाही, एवढं नक्की."

"त्ये मला ठावं हाय. सासूबी आता तसं बोलत न्हाई. मग आता कोन शोधनार?"

मी जुनी वही काढली. मुलीला जवळ बसवलं आणि म्हटलं, "सुनंदा, पोटुशी होतीस तेव्हापासून सांग."

"समदं बाईंना सांगितलंय की."

"मला पुन्हा सांग."