मूठ न वळणारी पट्टी

वेलांट्या चुकतील, अक्षरही वाकडं आहे, माफ करा. चौथीनंतर हातात पेनापेक्षा तेलाची बाटलीच जास्त राहिली.

मूर्तिजापूरच्या मैदानावर सामना सुरू व्हायला आला होता आणि ज्योतीचं बोट सुजलेलं होतं. मी अकोल्याच्या एका महिला कबड्डी संघाची मालिशवाली. अंग चोळायचं, दुखऱ्या बोटांना पट्टी बांधायची. आमच्या पोरी पैसे घेऊन खेळतात. ज्योती कोपऱ्यावर, म्हणजे चढाईला आलेल्या पोरीला कडेनं धरायला. पण तिचं खरं काम वेगळंच. आमच्या पोरीला कोणी लाथ घातली की ज्योतीनं जाऊन ठोसा द्यायचा. मागच्या सामन्यात बोट असंच दुखावलं. बाहेर आयोजकाची रिक्षा भोंग्यावर ओरडत होती, "ज्योतीची फाइट पाहा!" तिकीट लावलं होतं.

माझ्या जिवाला चैन पडेना. कोचसमोर मी एरवी बोलत नाही.

"सर, आज तिले भांडाले नोका लावू. बोट मोडलं तं पोलीस भरतीत गोळा कसा फेकन पोरगी?"

"मावशी, धाक नसला तं आपल्या पोरीयचे पाय मोडतील."

"धाक पंचाचा पायजे ना."

"अन् पब्लिक कायले येईन मंग? तुमी पट्टी बांधा."

बांधली. बोटं सरळ ठेवून, त्यांच्या पाठीवरून मनगटापर्यंत ताणून.

"मावशी, मूठच नाही वळून राह्यली!"

"मिठी माराले मूठ लागत नाही."

"लोकं हासतील मले!"

ती दातानं पट्टी ओढायला लागली, तेवढ्यात शिट्टी झाली.

समोरच्या पोरीनं आमच्या कॅप्टनच्या पोटात लाथ घातली. सगळे उभे राहिले, "ज्योती, मार!" ज्योती धावली, हात उचलला. बोटं सरळच.

"अबे, हे तं आशीर्वाद देऊन राह्यली!" कोणीतरी ओरडलं. मैदान हसलं. ज्योतीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली वाकून तेलाच्या बाटलीचं बूच लावत बसले.

शेवटच्या चढाईला तीच पोरगी पुन्हा आली. ज्योतीनं तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि खाली बसली. त्या पोरीला हलताच आलं नाही. त्या पकडीवर आम्ही जिंकलो.

ज्योती एसटीत अकोल्यापर्यंत माझ्यापासून दूर, मागच्या बाकावर बसली. पुढे अमरावतीच्या भरतीत तिनं त्याच हातानं गोळा फेकला.

त्या दिवशी सामना संपल्यावर लोकांनी आयोजकाची रिक्षा अडवली होती. "फाइट कुठी हाये? पैसे वापस दे!" इतकी चांगली पकड त्यांनी फुकटात पाहिली. आयोजकाला तिकिटाचे सगळे पैसे परत द्यावे लागले.