उसात पुरलेलं मांजरपाट

सातारा स्टँडवर मला बसमध्ये बसवून द्यायला अब्बा आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात टेप तसाच लटकत होता. रहिमतपुरातलं शिलाईचं दुकान घाईघाईत बंद करून निघाले होते. सामान चढवून झालं, बस सुटायला आली, आणि त्यांनी खिडकीतून विचारलं, "मातीच बघायची हाय नव्हं? मग परदेशात कशाला? हितली काय वाईट हाय?" "पोहोचले की फोन करते," एवढं म्हणेपर्यंत बस हलली. तो प्रश्न स्कॉटलंडपर्यंत माझ्यासोबत आला, आणि खरं सांगायचं तर पुढची काही वर्षंही राहिला.

इथल्या विद्यापीठात मी मातीतल्या जिवाणूंवर काम करते. पाल्यापाचोळ्यातला कार्बन ते खातात आणि त्यातला थोडा जमिनीतच धरून ठेवतात. तेवढा हवेत जायचा वाचतो. हातमोजे घालून परक्या, काळ्याभोर, गारठलेल्या मातीच्या बरण्यांना मी लेबलं लावते. घरी फोन केला की अम्मी जेवलीस का विचारते आणि अब्बा एकच विचारायचे, "कवा येनार?" घर सोडलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पाठ असेल. मी तर विषय हवामानावर नेण्यात तरबेज झाले होते.

मागच्या हिवाळ्यात सुपरवायझरनं उसाच्या जमिनीचा अभ्यास करायला दोन महिने घरी पाठवलं. आमची स्वतःची जमीन नाही, म्हणून अब्बांचे जुने गिऱ्हाईक सुभेदारकाका यांच्याकडे मी आणि अब्बा गेलो. फौजेतून निवृत्त झालेले काका ऊस तुटला की रानात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, लगेच पेटवणारे. "पेटवलं न्हाई तर उंदीर हुत्यात, पानी फुडं सरकत न्हाई," ते म्हणाले. मी निदान अर्धं रान मागितलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा अब्बा म्हणाले, "सुभेदार, पोरगी लय लांबनं आलीया." माझ्या मातीसाठी अब्बा पहिल्यांदाच कुणाकडे शब्द टाकत होते. काकांनी अर्धं रान सोडलं.

अर्धं पाचट जळालं, अर्धं सऱ्यांत पसरून राहिलं. जमीन किती जिवंत आहे हे बघायची एक साधी रीत आहे. सुती कापड पुरायचं आणि काही आठवड्यांनी उकरायचं; जिवाणू भरपूर असतील तर ते कापड खातात. हे ऐकून अब्बांनी दुकानातलं मांजरपाट काढलं आणि खडूनं आखून सारखे तुकडे कापले.

"आवं मास्तर, पुरायचंय त्ये. कडा कशाला सरळ पायजेत?" काकांनी चिडवलं.

"माझ्या दुकानातनं वाकडं कापड भाईर जात न्हाई," अब्बा म्हणाले.

माझे दोन महिने संपत आले तेव्हा आम्ही उकरलं. जळलेल्या बाजूचं कापड जवळजवळ धड होतं, नुसतं पिवळं पडलेलं. पाचटाखालच्या कापडाची चाळण झाली होती. अब्बांनी ते उन्हात धरलं, भोकांमधून काकांकडे बघितलं आणि हसत सुटले. "जलमभर मी भोकं बुजवली, आन माझी पोरगी भोकं बघून नाचतीया!" एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, असं मी सांगत होते, पण ऐकतो कोण? काका म्हणाले, "फुडल्या तोडीला समदंच ठेवतो. पर उंदीर झालं तर मास्तर, तुमीच राखनीला बसायचं."

मी परत निघाले तेव्हा स्टँडवर अब्बांनी काहीच विचारलं नाही. पुढे फोनवरही "कवा येनार?" बंद झालं. ऊस पुन्हा तुटला, पाचट राहिलं, दोघांनी नवं कापड पुरून मला फोटो पाठवला. त्यांचं बोलणं आता सगळं मातीचं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या जुन्या प्रश्नाविना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

परवा मी फोन केला. "अब्बा, कापड काढायची वेळ झाली. आज उद्या उकरा."

"तू आल्याबगार उकरायचं न्हाई, आसं ठरलंय आमचं."

"अहो, तोवर जिवाणू सगळं खाऊन टाकतील! हाताला काही लागणार नाही."

"खाऊंदेत की. मांजरपाट लय हाय दुकानात, दुसरं पुरतो. तू ये."

घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढंच, माझ्यासाठी न उकरता ठेवलेली वीतभर जमीन. सुपरवायझरला नमुना वाया गेल्याचं कळवलं, आणि तिकीट काढलं.